तालीम

भोसरीत आमच्या घरामागे एक तालीम होती. संध्याकाळी तिथं लाल मातीत मुलं झोंबायची. मी खिडकीतून बघत असे. अम्मी ओरडायची, "तालीम पे ध्यान दे!" तिला अभ्यास म्हणायचा असे, आणि माझं ध्यान तर तालमीवरच असे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत आखाडा. शब्द एकच, मूळचा अरबी. पुढे बी.एड. करून मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि यातला एक अर्थ विसरून गेले.

त्याची आठवण एका मुलीनं करून दिली. सहावीत असताना ती मुलांनाही मागं टाकून पळायची. नववीत आली आणि कधी पी.टी.चा तास झालाच, तर भिंतीच्या सावलीत बसून मैत्रिणींच्या चपला आणि ओढण्या सांभाळू लागली. विचारलं तर, "पाय दुखतो, आपा." मी मनात ठरवून टाकलं, बापानं मनाई केली असणार.

शाळा सुटल्यावर एक दिवस तिच्या घरी गेले. एका खोलीचं घर. वडील चाकणच्या कंपनीतून नाईट शिफ्ट करून आलेले, झोपले होते. दोन धाकटी भावंडं आवाज बंद केलेला मोबाईल बघत भिंतीला टेकून बसली होती. त्या घरात दिवसा कुणी धावायचं नाही, मोठ्यानं हसायचंही नाही, कारण बापाची झोप मोडली की रात्री मशिनवर हाताला धोका. आई कुजबुजत म्हणाली, "यांनी कधीच नाही म्हटलं नाही. पण पाठवू कुठं? गल्लीत टेम्पो उभे. मैदानावर क्रिकेटवाली पोरं. एकटी पोर पळायला लागली तर सगळा मोहल्ला बघतो."

मी पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस सांगितली. ती हसली. "माहीत आहे, आपा. पण तिथं टेम्पो नव्हते."

जिन्यापर्यंत पोचवायला मुलगी आली. खाली मान घालून म्हणाली, "महिन्यातून एकदा पळायचं म्हटलं की दम लागतो. सगळ्या हसतात. पी.टी.चा तास तर तुम्हीच विज्ञानाला घेता ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या मुली खेळत नाहीत म्हटलं की बाहेरचे पडद्याकडे बोट दाखवतात आणि आपण गरिबीकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची रोज सरासरी तासभरही पुरेशी हालचाल होत नाही. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. म्हणजे दुखणं साऱ्या जगाचं आहे, फक्त आपलं नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं लिहिलं आहे. पण मैदान असून तास नसेल तर काय उपयोग? २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या कपड्यांवर आपण किती बोललो! ती रोज किती तास सराव करते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

मी मुख्याध्यापकांना भेटले. आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरण्याआधी पाऊण तास, फाटक बंद, फक्त मुली आणि मी. खेळ खो-खो, कारण त्याला दोन खांब आणि चुन्याची पूड एवढंच लागतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, कर्णधार पुण्याची प्रियांका इंगळे. हे सांगितल्यावर मुलींचे डोळे चमकले, पण चार दिवसच. त्यांना टिकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. एका संघाला नऊजणी लागतात. एक आली नाही तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन हाका मारतात. एकटीला बघणारा मोहल्ला नऊजणींना बघून वाट देतो.

पहिल्या आठवड्यात चौदाजणी होत्या. रमजानमध्ये चौघी उरल्या, ईदनंतर पुन्हा अकरा झाल्या. मीही ओढणी कमरेला बांधून पळते. पहिल्या दिवशी मलाच दम लागला, मुली पोट धरून हसल्या. त्या हसण्यात चपला सांभाळणारी ती मुलगीही होती, आणि मग तीही उठून पळाली. आता तिचे वडील कंपनीच्या बसमधून उतरले की झोपायला जाण्याआधी तिला फाटकापर्यंत सोडतात. लाल डोळ्यांनी दोन मिनिटं थांबतात, सलाम करतात आणि निघून जातात.

हे सगळं फार मोठं काम आहे असं नाही. दहावीच्या वर्गावर अजून हे जमलेलं नाही. पालक म्हणतात, हे वर्ष जाऊ द्या. सराव परीक्षा जवळ आली तेव्हा मीही सवयीनं खडू घेऊन नववीच्या पी.टी.च्या तासाला वर्गात शिरले. मागच्या बाकावरून आवाज आला, "आपा, आज पी.टी. आहे."

मी खडू टेबलावर ठेवला. विज्ञानाचे दोन धडे बाकी आहेत. ते कुठून भरून काढायचे, हे अजून ठरलेलं नाही.