बयालीस आशारिया एक नौ पाँच

आमच्या घरात 'मैं' म्हणायची पद्धत नाही. अम्मी स्वतःला 'हम' म्हणते, अब्बाही म्हणायचे, आणि वर्गात उर्दूतून शिकवताना आमच्याही तोंडी तेच येतं. मराठीत लिहायला बसलो की त्याचं आपोआप 'आम्ही' होतं. पारशिवनीतले आमचे एक मराठी शाळेतले मित्र मग हटकून विचारतात, "आम्ही म्हंजे किती जनं जी?" तर हे पळणं एकट्याचंच होतं, एवढं आधी सांगून टाकतो.

सुरुवात रक्ताच्या एका कागदापासून झाली. २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत तपासणी केली, तर साखरेचा तीन महिन्यांचा आकडा ६.२ आला. ५.७च्या खाली असता तर सुटलो होतो, ६.५ झाला असता तर अडकलो होतो. आम्ही उंबरठ्यावर उभे. वय पस्तीस. पलीकडे काय असतं ते घरात रोज दिसत होतं. अम्मीला वीस वर्षांपासून साखर आहे. २०१९ साली तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. तेव्हापासून ती कुणासमोर पाय पसरून बसत नाही.

अब्बांचं दुखणं वेगळं, दमाचं. जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं वाक्य एका श्वासात पुरं होत नसे. "पानी" म्हणायचे, थांबायचे, मग "दे बेटा". २०११ साली आमचं बी.एड. चालू असताना ते गेले.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून फजरच्या नमाजनंतर चालू लागलो. चालण्याचं पळणं कधी झालं ते कळलं नाही. नवेगाव खैरीच्या धरणाकडे जाणारा रस्ता, नाहीतर नहरीच्या कडेची वाट. पेंचचं जंगल जवळ, वाघाची बातमी आठवड्याला एक. म्हणून पुरतं उजाडेपर्यंत वस्ती सोडायची नाही, हा नियम. तरी लोक विचारायचेच. कपाशीला पाणी द्यायला निघालेले एक काका सायकल थांबवून म्हणाले, "सर, कोनाच्या मांगं लागले जी एवढ्या पहाटंचे?" कोणी मागे नाही आणि कोणी पुढेही नाही, हे त्यांना पटवून देणं कठीण गेलं. दाढीवाला माणूस अंधारातून धावत येताना दिसला की गस्तीची गाडीही थांबते. दोनदा नाव-गाव सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यातल्या शिपायाने खिडकीतूनच विचारलं, "आज किती?"

शाळेत आम्ही गणित शिकवतो. खेळाचा स्वतंत्र शिक्षक नाही, म्हणून तो तासही आमच्याच गळ्यात. नागपूरची एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी केली तेव्हा सातवीतल्या पोरांनी विचारलं, पूरी वाली कितनी होती है? फळ्यावर लिहिलं, ४२.१९५. उर्दूत वाचायचं 'बयालीस आशारिया एक नौ पाँच'. दशांश अपूर्णांकाचा धडा चालूच होता. मैदानाची एक चक्कर १६० मीटरची, तर किती चकरा? पोरांनी भागाकार केला : २६३ आणि वर ११५ मीटर. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, ये एक नौ पाँच किसलिए? बयालीस में क्या बुरा था?"

प्रश्न रास्त होता. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही कक्षासमोरपर्यंत आखली गेली, आणि ते अंतर तेवढं भरलं. १९२१मध्ये तेच कायम ठरलं. म्हणजे राजाराणीच्या सोयीचे ते १९५ मीटर आजही सगळं जग पळतं आहे. पोरांना फडेप्पा दारेप्पा चौगुले यांचीही गोष्ट सांगितली. बेळगावचा हा गडी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाला आणि एकोणिसावा आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांनी हा संघ पाठवायचं मनावर घेतलं होतं. "एकोणिसावा" ऐकून पोरं जराशी हिरमुसली. आम्हाला मात्र तो आकडा फार आवडतो. त्याच्याही मागे माणसं होती.

मुंबईचं नाव नोंदवलं तेव्हा घरात वादळ झालं. अम्मीने एकच विचारलं, "तेरे अब्बा का दम भूल गया?" आम्ही हृदयाची तपासणी करून घेतली, कागद दाखवला. अम्मी कागदाला मानत नाही, कारण तिचे कागदही बराच काळ चांगलेच येत होते. शेवटी तिने अट घातली. "दरूद पढ़ता जा. जहाँ न पढ़ा जाए, वहाँ चल." हात डोक्यावर ठेवून कबूल करून घेतलं.

गंमत अशी की पळण्याची शिस्त सांगणारी माणसंही हेच सांगतात. लांब पल्ल्याला वेग असा ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. वाक्य तुटलं की समजावं, उधारीवर पळतो आहोत. अम्मीने हे कुठे वाचलं नव्हतं. वाक्य तुटणं म्हणजे काय, हे तिने दोन वर्षं उशाशी बसून ऐकलं होतं.

सप्टेंबर २०२४पासून सराव धरला. दर रविवारी थोडं लांब, चौथ्या रविवारी कमी. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली आणि शिक्षकाच्या वाट्याला जे येतं ते आलं. प्रशिक्षण, साहित्य घेणं, २० तारखेचं मतदान, यंत्रं जमा करून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. तो पंधरवडा पळण्याच्या हिशेबातून गेला. डिसेंबरात कशीबशी बत्तीस किलोमीटरची एक धाव झाली. त्यापुढे काय आहे ते माहीत नव्हतं. शरीरात साखरेचा साठा साधारण तिथवरच पुरतो म्हणतात. ज्या साखरेला वर्षभर भ्यालो, तिचीच आता चणचण पडणार होती.

विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. १९ जानेवारी २०२५, पहाटे पाच, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एवढी माणसं आम्ही निवडणुकीच्या सभेतही पाहिली नव्हती. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे हात सुन्न होतात. इथे उभ्या-उभ्याच घाम फुटला होता. पहिली अडचण नमाजची. जानेवारीत फजरची वेळ होते सहाच्या सुमाराला आणि शर्यत सुटते पाचला. मरीन ड्राइव्हला फुटपाथच्या कडेला बाटलीच्या पाण्याने वुजू केला आणि उभे राहिलो. सजद्यात गेलो तोच मागून धावत पावलं आली. "सर! सर! काय होतंय?" स्वयंसेवक मुलगा होता, हातात वेदनाशामक फवारा. पडलो असं वाटलं त्याला. सलाम फेरून पाहिलं तर तो तिथेच उभा, ओशाळलेला, आमची बाटली सांभाळत. म्हणाला, "आमच्यासाठी पण मागितलं का?" हो म्हटलं. अशी चार मिनिटं गेली.

हाजी अलीचा दर्गा उजाडायच्या बेताला दिसला. सी-लिंकवर पोहोचेपर्यंत दिवस वर आला होता. वांद्र्याहून परतताना माहीमला लोक घराबाहेर येऊन केळी, चिक्की, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी वाटत होते. एका आजींना विचारलं, "नागपूरची का?" त्या म्हणाल्या, "बाजारातली. खा गुपचूप."

तीस किलोमीटरपर्यंत दरूद सलग चालू होता. तेहेतिसाव्याला एक शब्द गळला. आधी वाटलं, लक्ष चुकलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच तुटला. हाजी अली पुन्हा आला, आता उन्हात, आणि पुढे पेडर रोडचा चढ. पाय चालत होते, हे खरं सांगतो. पायांना अजून पळायचं होतं. बाजूने एकजण ओरडला, "चलो दाढ़ीवाले भाई, छोड़ना नहीं!" आणि आम्ही ओठ हलवत होतो, आवाज निघत नव्हता. "पानी" आणि "दे बेटा" यांच्या मधली ती जागा आम्हाला ऐकू आली. तिथे कोण पाहत होतं? अम्मी आठशे किलोमीटर लांब. चालू लागलो. सबंध चढ चाललो. लोक मागून पुढे जात राहिले, त्यात सत्तरीच्या पुढचे एक आजोबाही होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. उतारावर शब्द परत जुळले तेव्हा पुन्हा पळालो. शेवटपर्यंत असंच, थोडं पळणं, थोडं चालणं. सहा तास एकवीस मिनिटं.

मंगळवारी सकाळी घरी पोहोचलो. पदक मुलीने लगेच स्वतःच्या गळ्यात घातलं आणि शेजारी दाखवायला घेऊन गेली. अम्मी पदकाकडे पाहीना. म्हणाली, "मोजे उतार."

उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तिने पाय मांडीवर घेतला, चष्मा लावला, बोटांच्या बेचक्यात पाहिलं, टाचेवर बोट दाबून विचारलं, इथे कळतं का, इथे? जखम कुठे नव्हती.

"कहाँ चला?"

"चढाव पे."

"पूरा?"

"पूरा."

तिने मान हलवली. मग नखावर अलगद अंगठा ठेवला.

"ये गिरेगा क्या?"

"गिरेगा शायद. नाखून है अम्मी, फिर आ जाएगा."

"हाँ," ती म्हणाली आणि आपला डावा पाय साडीखाली ओढून घेतला. "तेरा तो आएगा."

मग सुनेला हाक मारून तिने कोमट तेल मागवलं.