सैल झालेली धाव

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ज्याने पाहिले असेल, त्याला तो देखावा विसरता येणार नाही. १९८० च्या सुमारास आमच्या अंगणाबाहेर लोहार व त्याचे सोबती जाळात तापलेली धाव सांडशींनी उचलीत आणि जमिनीवर निजविलेल्या लाकडी चाकावर बसवीत. लगेच पाणी ओतले जाई, वाफेचा लोट उठे आणि चाकाचे सांधे करकरत. गंमत अशी की, थंड असताना ती धाव चाकाहून लहानच असे! १२ फूट घेराची धाव ४०० अंश सेंटिग्रेडने तापली की घेरात सुमारे पाऊण इंच वाढते. निवताना ती तेवढीच आवळू पाहते. मग लोखंड लाकडाला दाबते, लाकूड लोखंडाला रेटते, आणि त्या परस्परांच्या दाबावरच चाक टिकते.

अशी धाव एका धक्क्याने निघत नाही. वैशाखात लाकूड वाळून आकसते. धाव केसभर सरकते, घासते, आणि घासली की सरकायला आणखी थोडी जागा करते. यावर गाडीवानाचा उपाय सोपा असे: चाक रात्रभर ओढ्यात ठेवायचे. लाकूड फुगे, सकाळी धाव घट्ट! परंतु फुगणाऱ्या लाकडाला बाहेर जागा नसल्यामुळे त्याचे तंतू आतल्या आत चेपतात. पुन्हा वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही आखडते.

माझे व थोरल्या बंधूंचे कधी भांडण झाले नाही. मी शहरात शिकवीत राहिलो, ते शेत सांभाळीत राहिले. एका वर्षी वडिलांच्या श्राद्धाला जाणे चुकले. पुढे पत्रांची उत्तरे लांबत गेली. दिवाळीचे दोन दिवस मात्र आम्ही इतके गोड बोलत असू की, सारे ठीक आहे असे मला वाटे. ते ओढ्याचे पाणी होते, हे गेल्या उन्हाळ्यात कळले. त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे मला तिऱ्हाइताकडून समजले.

"दादा, मला का नाही कळविलेत?" मी विचारले.

"तू कामात असशील, म्हटलं," ते सहज म्हणाले.

त्या शब्दांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

सैल धावेवर लोहाराचा उपाय निराळा असे. तो ती उतरवी, तिचा तुकडा कापून टोके पुन्हा सांधी, आणि मग तिला जाळात घाली. यंदाची सुट्टी मी गावी काढणार आहे, आणि त्या चुकलेल्या श्राद्धाचा विषय आधी मीच काढणार आहे. ते बोलणे गोड होणार नाही.