माहेर सोडलेल्या बोनोबो

बोनोबो म्हटलं की तुम्ही बहुतेक एकच गोष्ट ऐकलेली असेल: भांडण मिटवायला शरीरसंबंध ठेवणारे शांतताप्रिय 'हिप्पी' एप. मंडळाच्या गणपतीत मी माझं काम सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात, ते त्यामुळेच. गोष्ट खोटी नाही, पण फार अपुरी आहे.

बोनोबो जगात एकाच देशात, कांगो लोकशाही प्रजासत्ताकात, कांगो नदीच्या दक्षिणेच्या जंगलात राहतात. नदीपलीकडे चिंपांझी, दोघांनाही पोहता येत नाही. दिवसभर फळं शोधत टोळी पांगते आणि संध्याकाळी झाडांवर फांद्या वाकवून जो तो नवं घरटं करतो. तान्ही पिल्लं आईच्या घरट्यात झोपतात.

शांततेबद्दल म्हणाल, तर कोकोलोपोरीतल्या बोनोबो नरांची आपापसातली मारामारी गोंबेच्या चिंपांझी नरांपेक्षा जास्त वेळा होते, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. फक्त ते एकेकटे भांडतात, टोळकं करून नाही.

टोळकं करतात त्या माद्या. आकाराने नर थोडा मोठाच, तरी फळांनी लगडलेल्या झाडावर बहुधा माद्यांचं चालतं. एखादा नर अंगावर आला की दोघी-चौघी मिळून त्याला पळवून लावतात. तीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर माद्यांच्या अशा युत्यांपैकी ८५ टक्के नरांच्या विरोधात होत्या. आणि यातल्या बहुतेकींचं एकमेकींशी रक्ताचं नातं नसतं. कसं असणार? सगळ्याच बाहेरून आलेल्या!

कारण बोनोबोंमध्ये माहेर सोडते ती मुलगी. वयात येताना ती आईची टोळी सोडून परक्या टोळीत जाते. वाम्बाच्या जपानी संशोधकांनी टिपलंय की, नवी आलेली मादी तिथली एखादी जुनी, वजनदार मादी हेरते. तिच्या मागेमागे जाते, जवळ बसते, तिचे केस विंचरते, तिच्याशी अंग घासते. (मंडळात लोक हसतात ते याच अंग घासण्याला.) पहिलं पिल्लू झालं की तिचं बस्तान बसतं.

मुलगा मात्र आईजवळच राहतो, आणि आई त्याच्यासाठी चक्क मध्ये पडते. ज्या नराची आई टोळीत हयात असते, त्याला पिल्लं होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते. दूर गेलेल्या लेकीला आईचं हे बळ कुठून मिळणार?

हा भाग वाचताना मी दर वेळी थांबते. माझा भाऊ सांगलीत आईजवळ आहे. बँकेपासून मुलांच्या शाळेपर्यंत आईचा एक फोन पुरतो. मी बाविसाव्या वर्षी निघाले. हा तिसरा देश. इथे मला कुठल्या कचेरीत कुठला कागद लागतो हे शिकवलं ते लॅबमधल्या एका तुर्की टेक्निशियन बाईंनी. पहिले सहा महिने मी रोज त्यांच्याच टेबलाशी डबा खायचे. मार्चमध्ये करार संपतोय, चौथा देश जवळपास ठरलाय. आई विचारते, "तिथे कोण आहे गं आपलं?"

सध्या मी जंगलातल्या व्हिडिओंच्या नोंदी करतेय. त्यात एक कोवळी मादी नुकतीच आली आहे. तीन दिवस ती म्हातारीपासून दहा पावलांवर बसून होती. चौथ्या दिवशी म्हातारीने नुसता हात वर करून काख पुढे केली, आणि ती लगेच पुढे झाली. पुढच्या फाइल्स अजून पाहायच्यात.