परीक्षेच्या महिन्यातलं कोकण
लेखांक पहिला

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. या पाच मिनिटांनी आजवर किती कोकणवासीयांना हातोहात फसवलं असेल, देव जाणे. आजी, लेक आणि नात अशा तिघी आदल्या रात्रीसुद्धा दादरच्या फलाटावर बॅगा मांडून बसल्या होत्या. तिकिटावर तारीख त्याच दिवसाची, गाडीचा पत्ता नाही. शेवटी एका हमालाने तिकीट हातात घेतलं आणि सांगितलं, "आजी, ही गाडी काल रात्रीच गेली." बारा वाजले की तारीख बदलते, हे तिघींनाही ठाऊक होतं. तिकीट काढताना मात्र एकीच्याही डोक्यात आलं नाही. लेकीची सारी हयात बँकेत व्याजाचे दिवस मोजण्यात गेली, त्यामुळे नातीला हसू आवरेना. रात्री तिघी टॅक्सीने घरी, सकाळी तत्काळचं तिकीट, आणि पुन्हा तोच फलाट.

या गाडीचं आधीचं नाव राज्यराणी. २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून ती तुतारी झाली. केशवसुत रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे, तेव्हा नाव शोभतं.

प्रवासाचं कारण साधं आहे. आजी वेंगुर्ला तालुक्यातली. १९७१ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती मुंबईला आली. त्यानंतर ती कोकणात कितीदा गेली असेल याला गणती नाही, पण गेली ती मे महिन्यात नाहीतर गणपतीला. मार्चमध्ये एकदाही नाही. आधी मुलांच्या परीक्षा, मग लेक बँकेत लागली तेव्हा मार्चअखेर, मग नातीच्या परीक्षा. मुंबईच्या चाकरमान्याला कोकण दोनच रंगांत माहीत असतं: आंब्याचं पिवळं आणि भाताचं हिरवं. मधला एक अख्खा ऋतू शाळेच्या वेळापत्रकाने त्याच्यापासून तोडला आहे, आणि याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. यंदा लेकीने स्वेच्छानिवृत्ती घेतली. नातीची नोकरी लॅपटॉपवर चालते. फेब्रुवारीत आजी एवढंच म्हणाली, "मला एकदा शिमग्याला जायचंय."

रत्नागिरीच्या अलीकडे उजाडलं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपून गाडी बाहेर आली आणि नात खिडकीशी सरकली. डोंगर वाळून तांबूस झालेले, गवत करपलेलं, आणि मध्येच एखादी काटेसावर. पान एक नाही, अंगभर लालबुंद फुलं. पुढे पांगारा, मग पळस. पानगळीची झाडं पाणी वाचवायला पानं टाकतात आणि ओक्याबोक्या फांद्यांवर फुलं काढतात. आडपडदा नसल्यामुळे साळुंक्यांना, बुलबुलांना, शिंजीरांना ती लांबून दिसतात. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल आला, तेव्हा सगळा डबा मोबाइल काढून दरीकडे वळला. आजी दुसऱ्या बाजूला बघत होती. तिकडे एक कोशिंब होता, कोवळ्या पालवीने पेटल्यासारखा लाल. नातीला ती फुलंच वाटली. "फुलं नाहीत गो, पानं," आजी म्हणाली. हा लाल रंग अँथोसायनिनचा. तो कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतो; पान जून झालं की हिरवा वर येतो.

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. आजी सासरी आली ती बोटीने. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. नवी नवरी, दोन ट्रंका आणि फणसांचं पोतं पडावातून बोटीपर्यंत पोहोचलं. पुढची रात्र ओकाऱ्यांत गेली. भाऊच्या धक्क्यावर उतरताना आपल्याला नवऱ्याचा चेहराही नीट दिसत नव्हता, असं ती सांगते. पन्नास वर्षं सांगते आहे, आणि दरवेळी फणसांची संख्या वाढते.

कुडाळला भाचा गाडी घेऊन आला होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आते, शिमग्याक तू गावाक इलंस, ह्या खराच वाटणा नाय."

फाल्गुन शुद्ध चतुर्दशी

पहाटे साडेपाचला आजी अंगणात उभी. "वास येतोय," ती म्हणाली. लेकीला चुलीच्या धुराखेरीज कसलाच वास येईना.

लेकीला सुरंगी माहीत होती ती वाळलेली. आजीच्या लग्नातल्या ट्रंकेत जुन्या नऊवारीच्या घडीत एक पुरचुंडी असे. त्यातले तपकिरी कळे बोटांनी चुरले की मधासारखा, थोडा धुपासारखा वास यायचा. दर मे महिन्यात आजीची वहिनी नवी पुरचुंडी द्यायची, जुनी टाकली जायची. लेकीच्या लेखी सुरंगी हे फूल नव्हतंच, तो ट्रंकेचा वास होता.

वेंगुर्ल्याजवळचं आसोली हे सुरंगीचं गाव. उजाडायच्या आत ते तिथे पोहोचले तेव्हा माणसं आधीच झाडांवर चढलेली होती. झाड मोठं, सदाहरित, पानं जाड आणि गडद. फुलं फांदीच्या शेंड्याला नाहीत, जुन्या फांद्यांच्या अंगालाच घोसांनी चिकटलेली; पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा भरगच्च झुबका. कळी उमलली की वास उडू लागतो, म्हणून तोडणीची सगळी घाई सकाळची. आणि घाई एकट्या माणसांचीच नाही. ऊन चढू लागलं तशी झाडावर मधमाश्यांची एवढी गुणगुण सुरू झाली की वरचा माणूस काय बोलतोय ते खाली ऐकू येईना. फांदी ठिसूळ, खाली बांधलेलं काही नाही. वर चढलेल्या एका माणसाला लेकीने विचारलं, पडत नाही का कधी? "पडतंव," तो शांतपणे म्हणाला आणि पुढच्या फांदीला हात घातला.

खाली बायका वळेसर, म्हणजे गजरे, करत होत्या. सुईदोरा नाही, केळीचा सोप. आजी त्यांच्यात जाऊन बसली. पन्नासहून जास्त वर्षांत तिने सुरंगीचा एकही वळेसर केलेला नव्हता. पहिल्या चार कळ्या तिच्या हातात मोडल्या. पाचवीपासून मात्र बोटं आपोआप चालू लागली आणि तिने मान वर करून बघणंच सोडलं. नात व्हिडिओ काढायला गेली, तर आजी म्हणाली, "ठेव ते, सोप धर." पाऊण तास नातीने सोप धरला.

वाळलेले कळे व्यापारी घेऊन जातात, अत्तराच्या धंद्याला. ताजी फुलं वेंगुर्ला-सावंतवाडीच्या बाजारात आणि डोक्यात. मोगऱ्याचा गजरा सुकला की केरात जातो. सुरंगी सुकल्यावर कपाटात जाते. फुलांमध्ये इतका व्यवहारी स्वभाव दुसऱ्या कुणाचा नसावा.

दुपारी भाच्याच्या बागेत. मोहोर भरपूर दिसत होता, पण कैरी विरळ. भाच्याने एक तुरा हातावर झटकला, तर शेवयांचे तुकडे असावेत तसे बारीक पिवळे किडे पडले. "मोहोर इलो खरो, पण थ्रिप्सान सगळो खाल्ल्यान." औषधाच्या किती फवारण्या झाल्या हे त्याने बोटांवर मोजलं आणि एका हाताची बोटं संपल्यावर विषय बदलला. मुंबईत पेटीचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्या लेकीला त्या दिवशी बरंच काही कळलं, पण ती बोलली नाही.

काजूचं मात्र बरं होतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' ही कलमं आता सगळीकडे दिसतात. सातची बी चांगली टपोरी. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड इथे इतकं रुजलं की ओल्या काजूच्या उसळीशिवाय मालवणी माणसाचा फाल्गुन पुरा होत नाही. उसळ खायला सोपी. गर काढणाऱ्या घरच्या सुनेची बोटं चिकाने काळी पडून सोललेली होती. राख चोळली की जळजळ कमी होते, एवढंच.

संध्याकाळी वाद झाला, पंचांगावरून. नातीचं म्हणणं, हा वसंत. लेकीचं म्हणणं, माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, वसंत चैत्रापासून. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' चैत्रानेच तर सुरू होतं. आजीने कालनिर्णय काढलं. वसंतपंचमी होऊन गेलेली माघात, वसंतोत्सवाचा आरंभ फाल्गुन वद्य प्रतिपदेला, आणि ऋतू म्हणून वसंत चैत्र-वैशाखात. म्हणजे एकाच ऋतूचे तीन मुहूर्त. कोकणातली झाडं यांपैकी एकही पाळत नाहीत.

फाल्गुन पौर्णिमा

होळी इथे लाकडांची रास नाही, झाड असतं. या गावात आंब्याचं. मानकऱ्यांनी ते आधीच नेमून ठेवलेलं होतं. दुपारनंतर ते तोडलं, आणि मग गावच्या पुरुषांनी अख्खं खोड खांद्यावर घेऊन मांडाच्या, म्हणजे होळीच्या जागेच्या, दिशेने चाल धरली. चाल कसली, ओढाताणच. निम्मे पुढे रेटतात, निम्मे मागे खेचतात, ढोल मध्येच थांबतो, कुणाचा पाय घसरतो, आणि खोड जमिनीला टेकता कामा नये. मुंबईहून आलेली पोरं ओळखू येत होती: खांद्यावर टॉवेलची घडी फक्त त्यांच्याच होती.

झाड उभं राहिलं तेव्हा दिवस मावळला होता. मग गाऱ्हाणं. गावावरचं, गुराढोरांवरचं, बागेवरचं, मुंबईत राहणाऱ्या लेकरांवरचं संकट टाळण्यासाठी देवाला घातलेली साद, आणि दर मागणीला जमावाचा एकच हुंकार, "व्हय महाराजा!" यंदाच्या गाऱ्हाण्यात थ्रिप्सचाही उल्लेख आला. नात हसली, बाकी कुणी हसलं नाही.

बायका लांब, एका पडवीत. आजीच्या लहानपणीही तिथेच असत. "तेव्हा राग येत नव्हता?" नातीने विचारलं. "राग कशाला येईल? आम्हाला दिसतच नसे काही," आजी म्हणाली, "पुढे मोठ्या बायका उभ्या असायच्या." यंदा पुढे तीच होती.

फाल्गुन वद्य प्रतिपदा

सकाळी आरवली आणि शिरोडा, धावतपळत. आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला माणसाच्या पायाच्या नव्हेत. नातीने आपलं पाऊल शेजारी धरून पाहिलं, तर दोन पावलं मावली असती. देव रात्री गावातून फिरतो आणि त्या झिजवतो, अशी श्रद्धा आहे. शिरोड्याला मिठागरं ऐन कामात होती. इथेच १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, आणि इथल्याच शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षं मुलांना शिकवलं. लेकीला मिठागरापाशी थांबायचं होतं. उन्हाने थांबू दिलं नाही.

परत येताना शेतांतून धूर. भाजावळ चाललेली होती: पालापाचोळा, शेणी, कवळं तुकड्यावर पसरून जाळायची आणि त्याच राखेत पावसाआधी भाताचा तरवा पेरायचा. एकीकडे पालवी, दुसरीकडे राख, असं हे गणित.

संध्याकाळी रोंबाट, म्हणजे शिमग्याची मिरवणूक, दारात आलं. ढोल, ताशे, अंगाला रंग फासलेली पोरं, शबय म्हणून पैसे मागणारे हात, आणि मध्ये राधा. राधा म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. यंदाचा राधा एरवी वेंगुर्ल्याला रिक्षा चालवतो. दाढी केलेल्या हिरव्या गालांवर पावडर, डोक्यात सुरंगीचा वळेसर.

आजीचा थोरला भाऊ, भाच्याचे वडील, तरुणपणी राधा होत. एका वर्षी त्यांनी न विचारता बहिणीचं नवंकोरं लुगडं नेसलं आणि नाचताना पदर होळीच्या निखाऱ्यावर गेला. आजीने भावाशी दोन महिने अबोला धरला. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि ती बोटीत बसली. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. ही गोष्ट तिने मुंबईत कधी सांगितली नव्हती, फणसांची सांगायची.

भाच्याने माळ्यावरून वडिलांचे चाळ आणले होते, ते राधाच्या पायात बांधले. दोरी कुजली होती. दुसऱ्याच गिरकीला एक चाळ सुटून अंगणभर घुंगरं उधळली. नाच थांबला नाही. आजी कंदील घेऊन रात्री उशिरापर्यंत ती वेचत होती, सदतीस मिळाली. तिने ती ट्रंकेतल्यासारखीच पुरचुंडीत बांधली, सुरंगीच्या कळ्यांबरोबर.

पुढच्या लेखांकात पंचमीपर्यंतचे दिवस. या ऋतूत ज्यांना जायचं असेल त्यांनी मे महिन्याची वाट पाहू नये, तोवर सुरंगी संपलेली असते. आणि तुतारीचं तिकीट काढताना ज्या रात्री घरून निघणार, तिच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घालावी.