तेरवुरेनच्या सात कबरी

बेल्जियममध्ये लूव्हेनच्या विद्यापीठात आम्ही शिकत होतो, त्या वेळची ही गोष्ट. मिशन रविवारी जवळच्या एका धर्मग्रामातून आम्हांस बोलावणे आले. येताना आपल्या देशचे धोतर व फेटा घालून यावे, अशी विनंतीही सोबत होती. घरी असताना आम्ही फेटा कधी बांधला नव्हता. तरी कसाबसा गुंडाळून गेलो. मिस्सा आटोपल्यावर मुले फेट्यास हात लावून पाहू लागली, बायामाणसे फोटो काढू लागली. माणसे मोठी मायाळू होती. खरे सांगावयाचे तर आम्हांसही त्यात गंमतच वाटली, आणि त्या फोटोची एक प्रत आम्ही आईकडे धाडली.

पुढे थोड्याच दिवसांनी एका सहाध्यायाबरोबर तेरवुरेनला जाणे झाले. ब्रुसेल्स आणि लूव्हेन यांच्या मधले हे गाव. तेथील संत योहानाच्या चर्चशेजारी काँगोच्या सात माणसांच्या कबरी आहेत. एकिया, गेम्बा, कितुक्वा, म्पेया, झाओ, साम्बा, मिबांगे.

१८९७ साली ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरले. काँगोचा अफाट मुलूख त्या काळी राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ताच होता. राजाने तेरवुरेनच्या उद्यानात काँगोचा विभाग मांडला आणि त्यासाठी २६७ पुरुष, स्त्रिया व मुले तिकडून आणविली. तळ्याकाठी झोपड्या उभारल्या. दिवसा त्यांनी होड्या वल्हवाव्यात, रांधावे, ढोल वाजवावेत आणि लोकांनी ते पाहावे; रात्री त्यांनी राजाच्या तबेल्यांत निजावे. पाहणारे दहा लाखांहून अधिक होते. ते खाऊ फेकीत. त्या खाऊने पोटे बिघडू लागली, तेव्हा चालकांनी पाटी लावली की, ह्या काळ्या लोकांना समितीकडून जेवण मिळते. अशा पाट्या कोठे असतात, हे वाचकांस सांगावयास नको.

त्या वर्षी उन्हाळा थंड व पावसाळी निघाला. सातजण आजारी पडून मेले. त्यांना आशीर्वाद न दिलेल्या भूमीत, आत्महत्या करणाऱ्यांच्या व व्यभिचाऱ्यांच्या वाट्याच्या जागेत पुरले. हे लिहिताना धर्मगुरूचा हात अडखळतो. चर्चलगतची जागा त्यांना लाभली ती अर्धशतक उलटून गेल्यावर.

एवढे होऊनही १९५८ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात पुन्हा काँगोचे खेडे मांडण्यात आले. कारागीर आपले काम करीत बसलेले आणि पाहणाऱ्यांपैकी काहींनी केळी फेकली. कारागिरांनी सामान आवरले व प्रदर्शन संपण्यापूर्वीच घरची वाट धरली. दोन वर्षांत, ३० जून १९६० रोजी, त्यांचा देश स्वतंत्र झाला.

हे सारे दुष्टांचे काम असे म्हटले की आपण मोकळे होतो. पण कुंपणाशी उभे होते ते बहुतेक मुलाबाळांना फिरावयास घेऊन आलेले चांगले घरंदाज लोक. आमच्या फेट्यास हात लावणाऱ्यांसारखेच. आणि आमच्यासारखेच, हे आम्हांस मायदेशी परतल्यावर कळले.

आमच्या धर्मग्रामाचे फेस्त होते. परगावचे पाहुणे यावयाचे होते. हल्याळच्या बाजूच्या रानात सिद्दी कुटुंबे राहतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणले गेले, पुष्कळसे गुलाम म्हणून. त्यांतील कित्येक आज आपल्याच वेदीपाशी ख्रिस्तप्रसाद घेतात. आम्ही त्यांना निरोप धाडला: पाल्याचे पोशाख करून नाचावयास या.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी चालत आली. आम्ही बसावयास सांगितले. ती बसली नाही.

"फादर, आम्ही मिस्सेला कधी पाला नेसून आलोय काय?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. तिने ते ऐकून घेतले आणि ती निघून गेली.

फेस्ताच्या दिवशी ती नातवंडांसह आली. मुलांचे कपडे परीटघडीचे होते. सगळी पुढून तिसऱ्या बाकावर बसली. जेवणाच्या वेळी एका पाहुण्याने आम्हांस बाजूस घेऊन विचारले, नाच केव्हा आहे? नाच नाही, असे आम्ही सांगितले.