पैनगंगेकाठची हिमनदी

सांताक्रूझच्या रहिवाश्यास बर्फ ठाऊक असतो तो मासळीच्या टोपलीत भुगा करून घातलेला, किंवा उन्हाळ्याच्या संध्याकाळी जुहूच्या वाळूवर रंगीत पाकात बुडवून काडीवर मिळणारा. त्यामुळे भूगोलात हिमनदीचा पाठ आला की शिक्षकाची पंचाईत होते. ज्या मुलांनी साधे दहिवर क्वचित पाहिले, त्यांच्यापुढे मैलोगणती पसरलेला बर्फ उभा करायचा कसा?

आम्ही या कामी आपल्याच गावच्या पावसाची मदत घेतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो दिवस येथील पालकांपैकी कोणी विसरले असतील असे वाटत नाही. आता कल्पना करावी की ते सर्व पाणी पाऊस म्हणून न पडता हिम म्हणून पडले. ताज्या हिमात बहुतेक हवाच असल्यामुळे ते पाण्याच्या सुमारे दसपट जागा व्यापते. म्हणजे आमच्या शाळेचा दुसरा मजला सहज बुडाला असता. असे हिम दरवर्षी पडावे व उन्हाळ्यात पुरते वितळू नये, की एका थरावर दुसरा थर चढत जातो, खालच्या थरातील हवा दाबाने निघून जाते, हिमाचे पाकळीदार कण प्रथम साखरेसारखे दाणेदार होतात आणि अनेक वर्षांनी त्यांचा निळसर, घट्ट बर्फ बनतो. हा थर तीसेक मीटरांहून जाड झाला म्हणजे तळचा बर्फ आपल्याच भाराखाली थंडीतील काकवीप्रमाणे मंदपणे वाहू लागतो. वरचा बर्फ मात्र ठिसूळच राहतो व त्यास खोल भेगा पडतात.

हे वाहणे डोळ्यांस दिसत नाही. 1827 साली ह्यूगी नामक स्विस शास्त्रज्ञाने आल्प्समधील उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. 1841 साली लुई अगासीझ यांना ती मूळ जागेपासून सुमारे 1,430 मीटर खाली गेलेली आढळली. झोपडीने पाऊल उचलले नव्हते. तिच्याखालची जमीनच चालली होती! हे अगासीझ एका पाळकाचे चिरंजीव होत. कोट्यवधी वर्षांचे आकडे ऐकून ज्या पालकांस पवित्र शास्त्राविषयी चिंता वाटते, त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. आम्हास ती चिंता कधी वाटली नाही.

असो. सांगावयाचे आहे ते निराळेच. गेल्या वर्षी आमच्या वर्गात चंद्रपूरकडचा एक मुलगा आला. वडील कोळशाच्या खाणीतील नोकरी सोडून मुंबईस आले होते. मुलगा अबोल, मागल्या बाकावर बसणारा. हिमनदीचा पाठ चालू असता त्याने प्रथमच हात वर केला आणि दप्तरातून रुमालात गुंडाळलेला एक दगड काढला. दगड मुठीएवढा, एका अंगाने कानशीने घासावा तसा सपाट, आणि त्या सपाटीवर शेजारी शेजारी ओढलेले बारीक ओरखडे. “सर, हा आमच्या गावाकडचा आहे. यावर बर्फाने रेघा ओढल्या असतील का?”

आम्ही हसलो. “अरे, तुमच्या चंद्रपूरचे ऊन पाहून बर्फ अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरेल!” वर्गही हसला. मुलाने दगड पुन्हा रुमालात गुंडाळला व तो खाली बसला. त्यानंतर त्याने हात वर केला नाही.

रात्री वह्या तपासताना ते ओरखडे आमच्या डोळ्यांपुढून हलेनात. नदी दगड घासते ती गडगडवून. म्हणून नदीतला गोटा सर्व बाजूंनी वाटोळा होतो. एकाच अंगाने सपाट घासला जाऊन त्यावर समांतर रेघा उमटावयाच्या, तर कोणीतरी तो दगड घट्ट धरून खडकावरून ओढला पाहिजे. नुसता बर्फ खडकाहून मऊ. परंतु हिमनदीच्या तळाशी रुतलेले दगड ही तिची कानस. त्या दगडांनी तळचा खडक घासला जातो आणि ते स्वतःही घासले जातात. अशा घर्षणाने हिमनदी दरीचा तळ व दोन्ही कडा कोरीत जाते. आपल्या सह्याद्रीतील नद्यांनी व्ही अक्षरासारख्या चिंचोळ्या दऱ्या कापल्या. हिमालयात हिमनदीने सोडलेल्या दऱ्या यू अक्षरासारख्या रुंद आहेत, त्या याच कारणाने.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुस्तके धुंडाळू लागलो आणि आमची मान खाली गेली. 1856 साली ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी ओरिसातील तालचेर येथे बारीक मातीत रुतलेले मोठमोठे धोंडे वर्णिले व ते बर्फाने आणले असावेत असा तर्क केला. नदी ही नीटनेटकी गृहिणी. ती दगड, वाळू, गाळ निवडून वेगवेगळे ठेवते. हिमनदी म्हणजे घाईने बिऱ्हाड हलविणारा मनुष्य. जेथे वितळेल तेथे लहानथोर सर्व एकत्र टाकून मोकळी होते. पुढे 1875 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी लिहिले की चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठी, इरई गावापाशी याच धोंड्यांच्या थराखालचा चुनखडक झिलई दिल्यासारखा गुळगुळीत असून त्यावर लांब ओरखडे आहेत. आज आपण जाणतो की सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांस लागून होती. बर्फ ओसरल्यावर त्याच खोऱ्यात अरण्ये माजली व त्यांचा कोळसा झाला. मुलाचे वडील ज्या कोळशावर पोट भरीत होते, त्याच्याच खाली ती हिमनदी होती! सांताक्रूझला तिची खूण सापडावयाची नाही, कारण आमच्या पायांखालचा खडक, शेजारच्या अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसह, लाव्हाचा. तो अवघा साडेसहा कोटी वर्षांचा.

सोमवारी आम्ही वर्गात उभे राहून म्हणालो, “मुलांनो, त्या दिवशी हसलो ते आम्ही चुकलो. याचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चूक.” वर्ग चिडीचूप झाला. चाळिशी उलटल्यावर चाळीस मुलांपुढे हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, हे ज्याने उच्चारले तोच जाणे. मुलाने दगड आणून टेबलावर ठेवला, तो या हातातून त्या हातात फिरला.

तास संपताना त्याने पुन्हा हात वर केला. “सर, मग ती नदी वाहत कोणीकडे होती?”

सुट्या दगडावरून ते कळत नाही, कारण तो कितीदा उलटापालटा झाला असेल. तळच्या खडकावरील ओरखडा दिशा दाखवितो, पण रेघेला टोके दोन. तेथे खडकाचे उंचवटे पाहावे लागतात: बर्फ ज्या अंगाने चढला ते अंग गुळगुळीत, आणि ज्या अंगाने उतरला ते ठेचाळलेले, कारण तेथे भेगांत पाणी गोठून बर्फाने खडकाचे तुकडे उपटून नेलेले असतात. हे फळ्यावर काढून दाखविले तरी त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तो, त्याचे वडील व आम्ही होकायंत्र घेऊन पैनगंगेकाठी जाणार आहोत. दगड तूर्त आमच्या टेबलावर आहे. तो त्याला परत करावयाचा आहे.