जारचं पाणी कुठलं?

आमच्याकडे बाटलीतल्या कुठल्याही पाण्याला 'बिसलरी' म्हणतात आणि वीस लिटरच्या जारमधल्या पाण्याला नुसतं 'फिल्टरचं'. लग्न असो की तेरावं, मांडवात आधी जार उतरतात. पाहुण्याला तांब्या देताना यजमानच सांगतो, "घ्या, जारचं आहे." म्हणजे निर्धास्त प्या! पण हे पाणी येतं कुठून असं मी विचारलं, की दुधाची म्हैस कोणती असं विचारल्यासारखे सगळे बघतात.

तर मंडळी, आपला धाराशिव जिल्हा पाण्याचा कायमचा तुटवडा असलेला. शहराला पाणी येतं ते सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आठवत असेलच. मग जारवाला पाणी आणतो कुठून? मी पाहिलेल्या दोन-तीन प्लांटचं पाणी त्यांच्याच आवारातल्या बोअरचं. म्हणजे आमच्या आत्याचा हातपंप ज्या काळ्या खडकातून पाणी ओढतो, त्यातलंच!

फरक पडतो तो मशीनमुळे. आरओचा पडदा क्षार अडवतो, म्हणून त्या पाण्यात तुरीची डाळ पटकन शिजते, चहा बरा लागतो. प्लांटवाला कौतुकाने टीडीएस मीटर बुडवून दाखवतो. पण मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. जार धुतला कसा, तोटी स्वच्छ आहे का, हे त्याला काय कळणार? नायट्रेटचंही तसंच. खतातून, सांडपाण्यातून ते भूजलात उतरतं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. त्याला चव नाही, वास नाही, आणि उकळून ते जातही नाही. पडदा जुना झाला की ते जास्त निसटतं. त्यात उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की पाण्यातले क्षारही बदलतात. म्हणून एकाच प्लांटचं पाणी जानेवारीत एक आणि मेमध्ये दुसरं असू शकतं.

खरं 'मिनरल वॉटर' म्हणजे ज्यातले मूळचे क्षार तसेच ठेवलेत असं झऱ्याचं किंवा भूगर्भातलं पाणी. आपल्या बाटलीवर बहुधा 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' लिहिलेलं असतं, आणि ते नळाचं किंवा बोअरचंही चालतं. २००१ पासून त्याला आयएसआय मार्क सक्तीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती गेली. एफएसएसएआयचा परवाना मात्र लागतोच, आणि त्याच वर्षाअखेर हे पाणी 'जास्त जोखमीच्या' पदार्थांत घातलं गेलं. पण सील नाही, लेबल नाही अशा थंड जारवर वाचणार काय?

मला खरी टोचणी वेगळीच आहे. आरओतून जेवढं शुद्ध पाणी निघतं तेवढंच, कधी त्याहून जास्त, खारट होऊन गटारात जातं. इकडे मे महिन्यात आत्याचा हातपंप नुसता खडखडतो आणि ती पदराची गाठ सोडून जार विकत घेते. तिच्याच पायाखालचं पाणी!

प्लांट बंद करा असं मी म्हणत नाही. डाळ शिजायला हवीच. पण जारवाल्याला तपासणीचा कागद मागायला काय हरकत आहे? गावोगावी पाणी तपासायचे किट आलेत, बायकांना ते वापरायला शिकवलंय. हातपंपाचं पाणीही एकदा तपासून घ्यावं. कदाचित ते चांगलं निघेल, आणि मग आधी त्याला जपावं लागेल.

तुमच्या घरचं पाणी कुठलं? विचारलंत कधी?